तुमची काळी पिशवी, माझी पिवळी

मुश्ताकभाई, तुम्ही मला मदत का केलीत, हे मला अजून समजलेलं नाही. तुम्ही होतात तोवर मी सतरा वेळा विचारलं आणि तुम्ही सतरा उत्तरं दिलीत. एकदा म्हणालात, "टाइमपास हाये सर." एकदा म्हणालात, "तुमच्या घरचा चहा चांगला रायते." आणि एकदा हसत हसत म्हणालात, "उद्या तुमची पिशवी चालली अन् माझा धंदा बसला, तं तुमचीच पिशवी मीच विकीन ना." सगळ्या उत्तरांतलं हे एकच मला खरं वाटलं, आणि ते खरं वाटलं म्हणूनच पुढचं सगळं झालं.

तुम्ही ब्रह्मपुरीच्या बाजारातले पिशव्यांचे व्यापारी. वैनगंगेच्या अल्याड-पल्याडच्या नर्सऱ्यांमध्ये रोपं ज्या काळ्या प्लास्टिकच्या पिशव्यांत वाढतात, त्या तुमच्या दुकानातून जायच्या. मी कॉलेजात रसायनशास्त्र शिकवणारा मास्तर, त्या काळ्या पिशवीच्याच मुळावर उठलेला. मांजराच्या गळ्यात घंटा बांधायचं ठरलं आणि मांजरच दोरी घेऊन आलं, तर उंदरांनी काय समजावं? माझ्या जागी तुम्ही असता तर दोरीला हात लावण्याआधी ती हुंगून पाहिली नसती का?

हुंगून पाहायची सवय माझी जुनीच. दूधवाला आला की मी भांड्यात बघत नाही, त्याच्या तोंडाकडे बघतो. दोन मुलांची उत्तरं सारखीच बरोबर आली तरी दोघांची बाकं किती लांब होती ते आठवत बसतो. तुम्ही याला चौकसपणा म्हणायचात. विमलकडे, म्हणजे माझ्या बायकोकडे, त्याला दुसरा शब्द आहे.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. वृक्षारोपणाला मुलांना घेऊन मी गडचिरोलीच्या बाजूला गेलो होतो. बाया विळ्यानं पिशवी फाडायच्या, रोप खड्ड्यात लावायच्या आणि पिशवी मागे भिरकावायच्या. संध्याकाळपर्यंत त्या माळावर रोपांपेक्षा पिशव्याच जास्त दिसायला लागल्या. ज्या बाया घाईत होत्या त्या पिशवीसकटच रोप पुरत होत्या, म्हणजे मुळं आतल्या आत गोल फिरून मरणार. तिथं माझ्या डोक्यात आलं की पिशवीच अशी हवी, जी रोपाबरोबर मातीत जाईल आणि मातीच होईल. आपल्या भागात राइस मिलांत कणीचे ढीग पडलेले असतात. धानाच्या तणसाला, म्हणजे पेंढ्याला, तर कोणी विचारत नाही. कणीतला स्टार्च, तणसाचा लगदा, थोडं ग्लिसरीन, वरून जवसाच्या तेलाचा हात. कागदावर सगळं जमत होतं.

काचेवर मात्र काही जमेना. मी पातळ थर ओतायचो, तो वाळायचा आणि तडकायचा. त्या दिवसांत एका दुपारी तुम्ही प्रयोगशाळेच्या दारात उभे राहिलात. कॉलेजात तुमचं काही काम नव्हतं. "सर तांदळाचं प्लास्टिक करून राह्यले" ही गोष्ट बाजारापर्यंत गेली होती आणि तुम्ही ती बघायला आला होतात. मी काच झाकायच्या आत तुम्ही बघूनही घेतली.

"सर, तुमच्या घरी तांदळाची सालपापडी नाई करत का?" तुम्ही विचारलंत.

"करते. मंग?"

"मंग ते काऊन नाई फुटत? बाया ताटलीत ओततेत, वाफेवर ठेवतेत, अन् गरम हाये तवाच कोपरा धरून सोडतेत. मंग वाळवतेत. तुमी पयले वाळवून राह्यले, मंग सोडून राह्यले. चिरन नाई तं काय होईन?"

इतकी वर्षं उन्हाळ्यात माझ्या अंगणात बाजेवर सालपापड्या वाळत होत्या आणि मी त्यांच्यावरचे कावळे हाकलत होतो. पण ते डोक्यात आलं नाही. दुसऱ्या दिवशी मी तसं केलं, आणि पहिला अखंड ताव निघाला. हातात धरला तर मऊ, ओढला तर किंचित ताणणारा. आनंद झाला, खोटं कशाला बोलू. पण त्या आनंदाच्या पाठोपाठ दुसरा विचार आला: हा माणूस आपल्याच पायावर धोंडा पाडून घ्यायला कशाला आला?

त्यानंतर तुम्ही दर आठवड्याला येऊ लागलात. जवसाचं तेल किती उकळायचं हे तुम्ही तुमच्या ओळखीच्या सुताराला विचारून आलात. ओला ताव पाइपच्या तुकड्यावर गुंडाळून नळी करायची युक्ती तुमची. प्रत्येक वेळी मी आभार मानले आणि प्रत्येक वेळी तुम्ही गेल्यावर वही कपाटात ठेवून कुलूप ओढून पाहिलं.

आता एक गोष्ट कबूल करतो. तुम्ही एकदा प्रमाण विचारलं होतं, घरी करून पाहायला म्हणून. मी एका चिठ्ठीवर लिहून दिलं, आणि ग्लिसरीन निम्मं लिहिलं. तुम्ही ते घेऊन कुठे जाता, कोणाला दाखवता, ते बघायचं होतं. चार दिवसांनी तुम्ही तुकडे कागदात बांधून माझ्याचकडे आणलेत. "सर, फुटून राह्यली. माझ्या हाताले गुण नाई." मी तुकडे उलटसुलट करून पाहिले आणि तुम्हाला सांगितलं की आच जास्त झाली असेल. माझी परीक्षा तुम्ही पास झाला होतात, मुश्ताकभाई. पण मला वाटलं, घरी करून पाहतो म्हणजे विकायचा विचार पक्का आहे. पास होणाऱ्यावरही संशय घेणारा मास्तर तुम्हाला भेटला होता.

मग वनखात्याच्या रेंजर साहेबांनी त्यांच्या नर्सरीचा एक कोपरा दिला. दोनशे पिशव्या करून आणा, त्यात आवळा लावू, टिकल्या तर पुढच्या सालच्या लागवडीसाठी वर लिहितो, असं ते म्हणाले. माझ्यासाठी सगळं त्या दोनशे पिशव्यांवर होतं. कॉलेजात माझ्या मागे मला 'पापडीवाले सर' म्हणत होते. ती पिशवी उभी राहिली असती तर ते नाव मी आनंदानं मिरवलं असतं.

दोनशे ताव प्रयोगशाळेत होणार नव्हते. विमल म्हणाली, अंगणात करून देते, शेजारच्या दोघींना बोलावते. मी सगळं समजावलं. कणी तीन दिवस भिजवायची, रोज पाणी बदलायचं, लगदा इतका, ग्लिसरीन इतकं. आणि हात सवयीनं जातो म्हणून बजावलं, जिरं टाकायचं नाही, ओवा नाही, तीळ नाही. तीन दिवस अंगणात वाफेचे टोप चालले. विमल त्या तीन दिवसांत जितकी हौसेनं वागली तितकी लग्नानंतर क्वचितच वागली असेल. मी मात्र तिथेही मोजत होतो की शेजारणी दोनच आल्या आहेत ना, तिसरी कोण.

पिवळसर पिशव्यांची रांग तुमच्या काळ्या पिशव्यांच्या रांगेला लागून उभी राहिली. पंधरा दिवस झारीनं पाणी पडलं आणि त्या उभ्या राहिल्या. आवळ्याला कोंब आले. रेंजर साहेबांनी एक पिशवी उचलून हलवून पाहिली आणि मान डोलावली. त्या दिवशी सायकल चालवत घरी येताना मी गाणं म्हणत होतो, हे मी कोणालाच सांगितलेलं नाही.

सतराव्या दिवशी सकाळी निरोप आला. नर्सरीत गुरं शिरली होती. उन्हाळ्याची गुरं, मोकाट सुटलेली. काट्यांचं फाटक आडवं पडलेलं. नवल हे की तुमची काळी रांग जशीच्या तशी होती आणि माझ्या रांगेत एक पिशवी शिल्लक नव्हती. दोन गाई अजून तिथेच उभ्या राहून चिंध्या चाटत होत्या, हाकललं तरी हलत नव्हत्या. चौकीदार म्हणाला, "काल संध्याकाळी शेवटले मुश्ताकभाऊच गेले. काळ्या पिशव्यायचा माल उतरवून."

तुम्हीही तोवर आला होतात. तुम्ही खाली वाकलात, माझ्या पिशवीचा एक तुकडा उचललात आणि जिभेला लावलात. मला वाटलं, हा माझी थट्टा करतो आहे, पापडीवाल्याची पापडी चाखून दाखवतो आहे. प्रयोगशाळेत काहीही जिभेला लावायचं नाही, हे मी मुलांना पहिल्याच तासाला शिकवतो. मी स्वतः एकदाही चाखलं नव्हतं.

"सर, हे पीठ कोणी भिजवलतं?" तुम्ही विचारलंत.

"माझ्या घरी झालं. विमलनं केलं. काऊन?"

तुम्ही तुकडा खिशात घातलात. काहीतरी बोलायला तोंड उघडलंत आणि मिटलंत. ते मिटलेलं तोंड बघून माझी खात्री झाली.

मी काय बोललो ते तुम्हाला आठवत असेल. रेंजर साहेबांसमोर, चौकीदारासमोर, पाणी घालणाऱ्या सगळ्या बायांसमोर बोललो. फाटक तुम्ही उघडं ठेवलं म्हणालो. दुकान वाचवायला मुक्या जनावरांना पुढं केलंत म्हणालो. कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ, तसे तुम्ही माझ्या घरात येऊन बसलात म्हणालो. तुम्ही ऐकून घेतलंत. चौकीदार मध्ये काही सांगायला लागला तर त्यालाही हातानं थांबवलंत. मग म्हणालात, "फाटक माझ्यानंच उघडं रायलं असन सर. माफ करा." आणि टेम्पोत बसून निघून गेलात. निरपराध माणूस भांडतो, अशी माझी समजूत होती. तुम्ही भांडला नाहीत, म्हणून तुम्ही गुन्हेगार.

पुढची सात-आठ वर्षं आपण एका गावात राहून बोललो नाही. म्हणजे मी बोललो नाही. तुम्ही बाजारात दिसलात की "सलाम सर" म्हणायचात आणि मी भाजी निवडायचो. ईदला शीरखुर्मा यायचा. विमल डबा घ्यायची, धुऊन त्यात काहीतरी घालून परत पाठवायची. मी तो शीरखुर्मा कधी तोंडात घातला नाही. रेंजर साहेबांची बदली झाली. ताव काढायचा टोप आता आंघोळीचं पाणी तापवतो. मी पिशवी पुन्हा केली नाही, कारण माझ्या मते पिशवीत दोष नव्हता, माणसांत होता.

तुम्ही गेल्याचं कळलं तेव्हा जाऊ की नको, असं मला झालं. विमलनं शर्ट काढून ठेवला आणि म्हणाली, "जा." मी कब्रस्तानाच्या भिंतीपाशी, लोकांच्या मागे उभा राहिलो. तुमच्या अफजलनं मला शोधून काढलं आणि हात धरून पुढं नेलं. "सर, अब्बाले मिट्टी द्या." मी तीन मुठी दिल्या. सगळे देत होते तशा दिल्या. आणि माती सोडताना, मुश्ताकभाई, माझ्या मनात काय होतं ते सांगतो. मनात होतं, की आता फाटकाचं खरं काय ते कधीच कळणार नाही. तुम्हाला शेवटची माती देतानाही मी तुमची उलटतपासणी घेत होतो.

घरी आलो तेव्हा विमल मागच्या दारी बादली ठेवून उभी होती. ती हातावर पाणी घालत होती आणि मी माती धूत होतो. पाणी घालता घालता तिनं सांगितलं.

"त्या पिशव्यायत मीठ मी टाकलं होतं."

मला आधी कळलंच नाही ती कशाबद्दल बोलते आहे.

"तुमी जिरं नको म्हणलं, ओवा नको म्हणलं. मिठाचं नाव नाई घेतलं. अन् घेतलं असतं तरी मी टाकलंच असतं. अळणी पीठ सुतकात करते माणूस. तुमच्या कामाची पयली घाणी अळणी कशी करू? दर घाणीले मूठ मूठ टाकलं. देवाचं नाव घेऊन टाकलं."

गुरांना मीठ लागतं. उन्हाळ्यात तर मिठासाठी ती काट्यात तोंड घालतात, हे आपल्या भागात शेंबड्या पोरालाही माहीत आहे. फाटक कोणी उघडलं नव्हतं. गाईंनी पाडलं होतं. तुम्ही तुकडा जिभेला लावलात तेव्हाच तुम्हाला कळलं होतं.

"भाऊ दुसऱ्या दिवशी आले होते, तुमी कॉलेजात असतानी," विमल म्हणाली. "मले म्हणे, बाई, मीठ टाकलं ना तुमी. मी रडाले लागली. मी म्हणलं, आजच सांगतो यायले. तं म्हणे, नोका सांगू. त्यायच्या मनात आता माझं नाव बसलं हाये, बसू द्या. माझ्यावर संशय घेतीन तं तो दुकानापर्यंत राहीन. तुमच्यावर घेतीन तं घरात राहीन, अन् घरातला निंगत नाई."

आज तुम्हाला जाऊन सहा दिवस झाले, आणि मला तुमच्याशी भांडायचं आहे. तुम्ही मला सांगायला हवं होतं. नुसतं "मीठ" एवढा एक शब्द. मी विमलवर ओरडलो असतो, दोन दिवस जेवलो नसतो, पण तिसऱ्या दिवशी अळणी पीठ भिजवलं असतं. पिशवी नापास झालीच नव्हती, मुश्ताकभाई. पंधरा दिवस पाण्याखाली उभी राहिली होती, मीठ असून. आठ वर्षांत ती कुठल्या कुठे गेली असती. तुम्ही माझं घर सांभाळलंत आणि माझं काम बुडवलंत. कोणाला विचारून ठरवलंत की यातलं घरच मोठं?

आणि खरं सांगू, परवा दुपारी आणखी एक विचार आला. तुम्ही गप्प बसलात त्यात तुमच्या काळ्या पिशव्याही चालत राहिल्याच की. एका दगडात दोन पक्षी. हा विचार आला आणि मी खुर्चीतून उठून उभा राहिलो, कारण मला माझीच किळस आली. पण आला. तुमच्या पश्चात, सगळं कळल्यावर, तरीही आला. तुम्हाला हे सांगतो आहे, कारण माझा हा रोग तुमच्याइतका कोणी ओळखला नव्हता आणि ओळखूनही कोणी दर आठवड्याला चहाला आलं नव्हतं. तुमच्या सतरा उत्तरांत ते चहाचं उत्तर खरं असावं, असं आता वाटतं. माणसाला माणूस आवडतो, एवढंच त्यात होतं. मला ते कारण पुरेसं वाटलं नव्हतं.

काल संध्याकाळी विमल तांदूळ निवडत बसली होती. मी समोर बसलो आणि विचारलं, मुश्ताकभाई त्या दिवशी किती वाजता आले होते. तिनं सांगितलं. मग विचारलं, नंतर कधी आले होते का. मग विचारलं, शीरखुर्म्याच्या डब्यासोबत काही निरोप यायचा का. आठ वर्षं तू हे पोटात ठेवलंस, तर आणखी काय काय ठेवलं आहेस. मी ओरडत नव्हतो. अगदी शांतपणे विचारत होतो, तोंडी परीक्षेत विचारतात तसं. तिनं सूप खाली ठेवलं.

"भाऊ म्हणे तेच करून राह्यले ना तुमी," ती म्हणाली आणि आत गेली.

मुश्ताकभाई, जे तुम्ही आठ वर्षं तुमच्या दुकानाच्या पायरीवर थोपवून धरलं होतं, ते तुम्ही गेल्यावर आठवडाही न लोटता माझ्या घरात आलं. आता त्याला बाहेर कसं काढायचं, हे विचारायला माझ्याकडे तुमच्याशिवाय कोणीच नाही.